काट्यावरून सातबाऱ्यावर

जळगावच्या बाजारात थंडी पडली की मेहरूणची बोरे येतात. मेहरूण हे एकेकाळचे वेगळे गाव आज शहरात मिसळून गेले आहे. तलावाच्या काठी लोक सकाळ-संध्याकाळ फिरायला जातात, शिवारातल्या कित्येक गटांचे प्लॉट पडले, बोरांच्या बागा आक्रसत गेल्या. तरी गावाचे नाव अजून बोरामुळेच लोकांच्या तोंडी आहे. या बोराला सरकारने कधी हमीभाव बांधून दिला नाही. टोपली उतरली, भाव ठरला, पैसे हातात पडले, व्यवहार संपला.

मेहरूणची शीव ओलांडून धरणगावकडे निघा, जामनेरकडे निघा, नाहीतर तापी उतरून चोपड्याकडे. सगळीकडे कपाशी लागते. एकट्या जळगाव जिल्ह्यात दरवर्षी सुमारे पाच लाख हेक्टरांवर ती उभी असते. कपाशीचा व्यवहार बोरासारखा बाजारात संपत नाही. गेली पन्नास वर्षे त्यात सरकार कुठे ना कुठे उभे आहे: कधी खरेदीदार म्हणून, कधी पंचनामा करणारे म्हणून, कधी खात्यात रक्कम टाकणारे म्हणून. त्या पैशाला आधी चुकारा म्हणत, मग बोनस आला, मग मदत, आता अनुदान. हे शब्द एकामागून एक कसे आले, ते लावून पाहिले की खानदेशच्या शेतकऱ्याचे सरकारशी नाते कसे बदलत गेले ते कळते.

सरकारचा पैसा शेतात येण्याची रीत तशी जुनी आहे. १८१८ मध्ये खानदेशात इंग्रजी अंमल आला तेव्हा कॅप्टन जॉन ब्रिग्ज याच्यापुढे उजाड गावांचा मुलूख होता. बैल, बी-बियाणे आणि विहिरींसाठी त्या काळी तगाई दिली जाई. तगाई म्हणजे उसनवार. ती फेडावी लागे आणि वर शेतसारा वेगळा. १८५२ मध्ये जमीनमोजणी सुरू झाली तेव्हा सारा वाढणार या धास्तीने सावदा, फैजपूर, यावल, एरंडोल या भागांतले शेतकरी उठले. सरकारने लष्कर आणून तो उठाव मोडला. पुढे अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस थांबला आणि १८६० च्या दशकात खानदेशच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. त्याच सुमारास रेल्वे भुसावळपर्यंत पोहोचली आणि खानदेशचे पीक मुंबईच्या गोदीला आणि लँकेशायरच्या गिरण्यांना बांधले गेले. युद्ध संपले, भाव पडला, काढलेले कर्ज मात्र राहिले. दूर देशातल्या घडामोडीने इथला भाव चढतो आणि उतरतोही, हा धडा खानदेशने तेव्हा पहिल्यांदा घेतला.

ज्या फैजपूरच्या टापूत १८५२ चा उठाव झाला, तिथेच डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन भरले आणि शेतसारा व कर्ज कमी करण्याचा शेतीविषयक कार्यक्रम मंजूर झाला. नंतर सानेगुरुजी अंमळनेरहून ‘काँग्रेस’ साप्ताहिक चालवत. पीक बुडालेल्या शेतकऱ्याला साऱ्यात सूट मिळावी म्हणून ते गावोगाव फिरले. तोवरची सगळी मागणी एवढीच होती, की सरकारने आमच्याकडून कमी घ्यावे. सरकारने आम्हाला द्यावे, ही कल्पना अजून जन्मायची होती.

ती कापसाच्या काट्यावर जन्मली. वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना १९७१ मध्ये कच्च्या कापसाच्या खरेदी, प्रक्रिया आणि विक्रीचा कायदा झाला आणि १९७२-७३ च्या हंगामात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. मध्ये एक वर्ष खंड पडला. १९७४-७५ पासून मात्र ती सलग चालली. महाराष्ट्रातला शेतकऱ्याचा कापूस फक्त सरकारने नेमलेल्या यंत्रणेने घ्यायचा, इतर कोणी नाही, असा तो कायदा होता. व्यापारी हंगामाच्या तोंडावर भाव पाडतो, वजनात मारतो, उचल देऊन माल आधीच बांधून घेतो, ही तक्रार खरी होती आणि तिच्यावर काढलेला तोडगाही तितकाच मोठा होता. देशातल्या दुसऱ्या कोणत्याही राज्याने कापसात असे धाडस केले नाही.

योजनेचा हिशेब शेतकऱ्याला कळण्यासारखा होता. केंद्रावर कापूस आला की प्रत ठरायची आणि हमीभावाने चुकारा निघायचा. सरकी आणि गाठी विकून हंगामाचा जमाखर्च झाला, की नफा उरल्यास त्याचा मोठा हिस्सा बोनस म्हणून शेतकऱ्याला परत, उरलेला भावातल्या चढउतारासाठीच्या निधीत. तोटा झाला तर तो सरकारने सोसायचा. सुरुवातीला पणन महासंघ हे काम पाहत असे, १९८० च्या दशकात त्यासाठी कापूस उत्पादक पणन महासंघ ही वेगळी सहकारी संस्था उभी राहिली. गावच्या विकास सोसायटीचे पीककर्ज चुकाऱ्यातूनच कापून घेतले जाई. त्यामुळे जिल्हा बँकेची वसुली आपोआप होई आणि पुढच्या वर्षी कर्ज मिळण्याची वाट मोकळी राही.

त्या काळातला केंद्राचा फेरा ज्यांनी अनुभवला, त्यांना तो शब्दांत सांगावा लागत नाही. दिवाळीनंतर गाड्यांची रांग लागे. बैल सोडून शेतकरी जूजवळच पडी टाके. नंबर लागायला एक रात्र जाई, कधी दोन. ग्रेडर मूठभर कापूस उचलून धागा ओढून पाही आणि त्याच्या तोंडून निघालेल्या शब्दावर वर्षाची कमाई ठरे. एफएक्यू, म्हणजे चांगली सरासरी प्रत, म्हटले तर पूर्ण भाव, कवडी, म्हणजे डागाळलेला माल, म्हटले की अर्धा जीव जाई. विरनार किंवा वाय-१ सारखे देशी वाण लावणारा आणि एच-४ सारखा लांब धाग्याचा संकरित कापूस आणणारा, दोघे एकाच रांगेत असत. पावती हातात पडली की तिची घडी घालून ती बंडीच्या आतल्या खिशात जाई. त्या पावतीवर मुलीचे लग्न ठरे. खानदेशात सालदाराचे वर्ष आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सुरू होते. त्याला द्यायची रक्कमही त्याच पावतीतून निघे. जळगावच्या सराफ बाजाराला चुकाऱ्याचा हंगाम वेगळा कळे.

योजनेत दोष होते आणि ते खानदेशला इतरांपेक्षा आधी दिसले, कारण खानदेश सीमेवर आहे. रावेरहून बऱ्हाणपूर जवळ, शिरपूरहून सेंधवा, शहाद्याहून खेतिया. मध्य प्रदेशातल्या या बाजारांत व्यापारी रोख पैसे मोजत. ज्या वर्षी तिकडचा भाव इकडच्या हमीभावाहून जास्त असे, त्या वर्षी सातपुड्याच्या वाटांनी रात्री गाड्या निघत. सरकारने नाके बसवले. आपल्याच शेतातला कापूस शेजारच्या राज्यात नेला म्हणून शेतकरी गुन्हेगार ठरू लागला. आणि ज्या वर्षी तिकडचा भाव पडे, त्या वर्षी प्रवाह उलटा वाही. तिकडचा माल इकडच्या केंद्रांवर येई. एकाच राज्यापुरती मक्तेदारी ठेवली आणि सीमा उघडी असली तर चांगल्या वर्षी माल बाहेर जातो, वाईट वर्षी तोटा आत येतो. योजनेच्या मुळाशी लागलेली कीड ही होती, असे माझे मत आहे. गैरव्यवहाराच्या गोष्टी खूप सांगितल्या जातात, पण हे गणित त्याहून मोठे होते.

शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने नेमके यावरच बोट ठेवले. खरेदीचा हक्क फक्त सरकारला असेल तर भावही जगाच्या बाजारासारखा द्या, नाहीतर आमचा कापूस आम्हाला हवा तिथे विकू द्या, ही मागणी घेऊन १९८० च्या दशकात कापसाचे आंदोलन पेटले. डिसेंबर १९८६ मध्ये हिंगोलीजवळ सुरेगाव येथे पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मारले गेले. शेतकऱ्याच्या भल्यासाठी म्हणून केलेल्या कायद्याच्या वादात शेतकऱ्यांचेच रक्त सांडले.

१९९० च्या दशकाच्या मध्यानंतर जगाच्या बाजारात कापूस उतरला, राज्यातला भाव मात्र राजकीय दबावाने चढा ठेवला गेला. तोटा दरवर्षी साचत गेला, चुकारे महिनोन्महिने रखडू लागले. अखेर २००२-०३ च्या हंगामापासून खासगी व्यापाऱ्यांना खरेदीची मोकळीक मिळाली आणि एकाधिकार नावापुरता उरला. योगायोग असा की त्याच वर्षी, २६ मार्च २००२ रोजी, केंद्राने बीटी कापसाच्या लागवडीला परवानगी दिली. म्हणजे एकाच वर्षात खानदेशच्या शेतकऱ्याचा खरेदीदार बदलला आणि बियाणेही बदलले. घरचे बी संपले, दरवर्षी पाकीट विकत घ्यायची सवय लागली.

एकाधिकाराची शेवटची चमक २००४ ची. विधानसभेच्या निवडणुकीच्या वर्षी सरकारने हमीभावावर क्विंटलमागे ५०० रुपये आगाऊ बोनस दिला. लांब धाग्याच्या एच-४ कापसाचा केंद्राचा हमीभाव तेव्हा १,९६० रुपये होता. म्हणजे बोनस चौथ्या हिश्शाएवढा. पुढच्याच हंगामात तो बंद झाला. हे ५०० रुपये वाचकांनी लक्षात ठेवावेत. पुन्हा त्यांच्याशी गाठ पडणार आहे.

बीटीची पहिली दहा वर्षे खानदेशला लाभली. तापीकाठी विहिरीवर ठिबक टाकून मे अखेरीस लावलेला पूर्वहंगामी कापूस भरघोस पिकू लागला. फवारणीचा खर्च उतरला. पण पाकिटासोबत येणारी १२० ग्रॅमची साध्या कापसाच्या बियाण्याची पुडी, जी शेताच्या कडेने लावायची होती, ती बहुतेक ठिकाणी बांधावर पडून राहिली. ती पुडी कशासाठी आहे, हे कंपन्यांनी आणि कृषी खात्याने ज्या जिव्हाळ्याने सांगायला हवे होते तसे कोणी सांगितले नाही. किडीत प्रतिकार तयार होऊ नये म्हणून ती होती. फरदड घेण्याची सवयही वाढली, पऱ्हाटी मार्च-एप्रिलपर्यंत शेतात उभी राहू लागली आणि गुलाबी बोंडअळीला वर्षभर घर मिळाले.

२०१७ च्या खरिपात ती बाहेर पडली. फुलांच्या पाकळ्या न उमलता आवळून राहिल्या. अशा डोमकळ्या दिसू लागल्या तेव्हा जाणत्यांच्या पोटात गोळा आला. ही अळी बोंडात शिरते आणि तिच्या मागे छिद्र बुजून जाते. बाहेरून हिरवे, टपोरे, निरोगी दिसणारे बोंड फोडले की आत सडका, रंग धरलेला कापूस. पहिली वेचणी हाती आली, त्यानंतर कित्येकांनी मजूर लावलाच नाही. वेचणीची मजुरी निघण्याइतकाही कापूस झाडावर नव्हता. कोणी उभ्या पिकात गुरे सोडली, कोणी रोटाव्हेटर फिरवला.

डिसेंबर २०१७ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात कृषिमंत्री पांडुरंग फुंडकर यांनी मदत जाहीर केली. जिरायती कापसाला हेक्टरी ३०,८०० रुपये, बागायतीला ३७,५००. आकडे ऐकून गावागावांत दिलासा पसरला. हे आकडे कसे बनले होते ते मात्र नीट पाहायला हवे. जिरायतीच्या ३०,८०० पैकी ६,८०० रुपये आपत्ती मदतीच्या निकषांतून, ८,००० पीकविम्यातून आणि १६,००० बियाणे कंपन्यांकडून मिळायचे होते. सरकारच्या तिजोरीतून खात्रीने येणारा भाग पाचव्या हिश्शाहून थोडा जास्त, एवढाच. विमा ज्याने काढला त्याला, आणि तोही मंडळातले उत्पन्न उंबरठ्याखाली गेले तर. कंपन्यांच्या भरपाईसाठी महाराष्ट्राच्या २००९ च्या कापूस बियाणे कायद्याखाली ‘जी’ अर्ज भरायचा होता, त्यावर पंचनामा, त्यावर सुनावणी. शेतकऱ्यांनी लाखांच्या संख्येने अर्ज भरले. पाकीट आणि पावती जपून ठेवलेली नसेल त्याचा दावा तिथेच लंगडा पडला. कंपन्यांनी जबाबदारी नाकारली आणि प्रकरण कायद्याच्या वाटेला लागले.

फेब्रुवारी २०१८ मध्ये शासन निर्णय निघाला. त्यात निकष स्पष्ट झाले: नुकसान ३३ टक्के किंवा अधिक, मर्यादा दोन हेक्टर, जिरायतीला ६,८०० आणि बागायतीला १३,५००. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक पंचनाम्याला निघाले तोवर अनेक शेते रिकामी झाली होती. नांगरलेल्या रानात बोंडअळीचा पुरावा कुठून आणायचा? रक्कम हप्त्यांनी आली आणि २०१८ चा खरीप पेरून झाला तरी काही गावांत याद्या पुऱ्या झाल्या नव्हत्या. ज्यांनी ही मदत जाहीर केली त्या फुंडकरांचे ३१ मे २०१८ रोजी निधन झाले, तेव्हा वाटप अजून चालूच होते.

हेक्टरी दहा क्विंटल, म्हणजे एकरी चार, एवढे जिरायती पीक धरले तर ६,८०० रुपये म्हणजे क्विंटलमागे ६८० पडतात. त्या वर्षी लांब धाग्याचा हमीभाव ४,३२० होता. ज्याचे सगळे पीक गेले, त्याला या निकषांतून मालाच्या किमतीचा सहावा हिस्साही मिळाला नाही. तरी हे पैसे नव्हतेच असे मी म्हणणार नाही. जूनमध्ये बियाण्याच्या दुकानात उधारी न करता पाकीट घेता येणे, ही त्या घराच्या दृष्टीने मोठी गोष्ट होती.

त्यानंतर फेब्रुवारी २०१९ पासून केंद्राची वर्षाला ६,००० रुपयांची किसान सन्मान निधी योजना आली, २०२३ मध्ये राज्याने नमो शेतकरी योजनेतून तेवढीच भर घातली. ही रक्कम कपाशी लावा, केळी लावा की रान पडीक ठेवा, जमीन नावावर असली की मिळते. पिकाशी असलेला धागा इथे तुटला.

२०२१-२२ मध्ये कापसाने दहा हजारांचा आकडा ओलांडला. पुढच्या हंगामात तोच भाव पुन्हा येईल या आशेने खानदेशात घराघरांत कापूस साठला. ओसरीत, माडीवर, झोपायच्या खोलीतही. उन्हाळा लागला तसे त्यातले किडे अंगावर येऊ लागले, पोराबाळांची अंगे खाजून लाल झाली, पण भाव चढला नाही. २०२३-२४ मध्ये लांब धाग्याचा हमीभाव ७,०२० होता आणि बाजार बराच काळ त्याच्याखाली रेंगाळला. लोकसभेच्या निकालात शेतकऱ्यांची नाराजी दिसली, विधानसभा तोंडावर होती. २९ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने २०२३ च्या खरिपातल्या कापूस आणि सोयाबीन उत्पादकांना अर्थसाहाय्य मंजूर झाले: ०.२० हेक्टरपेक्षा कमी क्षेत्राला सरसकट १,०००, त्याहून अधिक असेल तर हेक्टरी ५,०००, मर्यादा दोन हेक्टर. दोन्ही पिकांसाठी मिळून ४,१९४ कोटी ६८ लाख रुपये, त्यात कापसाचे १,५४८ कोटी ३४ लाख.

त्याच हिशेबाने हेक्टरी दहा क्विंटल धरले की ५,००० रुपये म्हणजे क्विंटलमागे ५००. वीस वर्षांनी आकडा तोच आला. २००४ मध्ये तो हमीभावाचा चौथा हिस्सा होता, २०२४ मध्ये चौदावा.

पैसा कसा पोहोचला, हेही पाहण्यासारखे आहे. अट होती ती ई-पीक पाहणीची. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर पिकाचा फोटो काढून नोंद करायची पद्धत आली होती. ज्यांच्याकडे तसा फोन नव्हता, ज्यांच्या शिवारात रेंज नव्हती, त्यांची कपाशी शेतात होती पण यादीत नव्हती. ओरड झाली तेव्हा सातबाऱ्यावर कापसाची नोंद असलेल्यांनाही सामावून घेण्याची घोषणा करावी लागली. सामायिक खातेदारांना एकमेकांचे संमतीपत्र लागे. खानदेशातल्या कित्येक घरांचा एक भाऊ गावात आणि दुसरा सुरतला, उधना-लिंबायतच्या वस्तीत. बहिणी सासरी. पाच हजारांसाठी सह्या गोळा करत फिरावे लागले. ३० सप्टेंबर २०२४ रोजी पहिले वाटप झाले, रक्कम थेट खात्यात गेली. कोणाच्या हाताला चिकटली नाही, हे या पद्धतीचे मोठे यश आहे आणि ते मोकळेपणाने मान्य केले पाहिजे.

तरी एक माणूस या सगळ्यातून गळाला. बटाईने किंवा खंडाने रान करणारा. बी त्याचे, खत त्याचे, फवारणीत डोळे त्याचे चुरचुरले, वेचणीला त्याच्या घरच्या बायका वाकल्या. भाव पडला तो त्याच्या कापसाचा, अनुदान मात्र सातबाऱ्यावरच्या नावाने आले. एकाधिकाराच्या काळात पैसा वजनावर मिळे, त्यामुळे पीक बुडालेल्याला काट्यावर काहीच नव्हते. ती त्या व्यवस्थेची क्रूर बाजू होती. आजची व्यवस्था बुडालेल्याला थोडे देते, पण कष्ट कोणाचे हे विचारत नाही. दोन्हींत मला पहिली अधिक सन्मानाची वाटते, कारण तिच्यात सरकार शेतकऱ्याच्या मालाचे मोल करत होते. चुकारा हा त्याचा हक्क होता. अनुदानासाठी त्याला वाट पाहावी लागते, आणि ते कधी येईल हे निवडणूक ठरवते.

ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क तात्पुरते उठवले, हंगामाच्या ऐन तोंडावर. त्या खरिपासाठी लांब धाग्याचा हमीभाव ८,११० ठरला होता. तो घ्यायचा तर भारतीय कापूस महामंडळाच्या, म्हणजे सीसीआयच्या, केंद्रावर जाण्याआधी ‘कपास किसान’ अ‍ॅपवर नोंदणी करायची, आणि कापसात ओलावा १२ टक्क्यांच्या आत हवा.

जुन्या काळच्या चुकाऱ्याच्या पावत्या, बोनसचे कागद, सोसायटीची पासबुके खानदेशातल्या पेट्यांत, देवघराच्या फळीवर, दाराच्या वर खोचलेल्या अजून सापडतात. आजोबांच्या नावाची, एखाद्या खरेदी केंद्राचा शिक्का असलेली पावती तुमच्या घरात असेल तर ती रद्दीत घालू नका. तिच्यावर क्विंटल लिहिलेले आहेत, प्रत लिहिलेली आहे आणि भाव लिहिलेला आहे.